आधीचा आवाज

मी पाण्याखालचा माइक. बोलणं हा माझा धंदा नव्हे, ऐकणं आहे. पण इतकं ऐकलंय की आता पोटात राहत नाही.

जन्म कारखान्यातला. अंगावर काळं रबर, मागे केबलचं लांबलचक शेपूट. बनवणाऱ्याने मला टबात बुडवून टिचकी मारली आणि म्हणाला, "कान तिखट आहेत गड्याचे!" तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही.

समुद्रात खांब ठोकायचे असतील, तर ठोकण्याआधी मी खाली जायचं आणि समुद्र मुळात कसा बोलतो ते ऐकायचं. ठोकण्याच्या आवाजाची इजा पलीकडच्या देशाच्या पाण्यालाही पोचू शकते. म्हणून आधी तपासा, त्यांना कळवा, असा देशादेशांतला कायदाच आहे. सगळी गोम त्या 'आधी'त.

यंदा मला नेणारी होडी उशिरा निघाली. मी तळाशी पोचतो तर धाड्, धाड्! हातोडा सुरूच. मासे पसार, कोळंबी चिडीचूप.

ऑफिसात मला ऐकणारी मुलगी नवी, तिचं लग्नही नवं. सगळे तिला 'नवरीबाई' म्हणतात. तिने हेडफोन काढला. "साहेब, हा आधीचा आवाज नाही. हातोडा आहे."

"मग तोच आधीचा समजा. उलट बरंच! पुढे कितीही ठोकलं तरी फरक दिसायचा नाही."

"म्हणजे जेवण झाल्यावर भूक मोजायची?"

साहेब हसले नाहीत. "तुमचे अहो त्याच हातोड्याच्या जहाजावर ना? काम थांबलं तर घरी बसतील."

ती कितीतरी वेळ टेबलावर पडलेल्या माझ्या केबलला पीळ घालत राहिली. अहवालाला सही तिचीच लागणार होती. शेवटी तिने लिहिलं, 'काम थांबवून पुन्हा ऐकावे', आणि सही ठोकली.

काम थांबलं. जहाजावरची माणसं रिकामी, त्यामुळे आज मला पाण्यात सोडायला तिच्यासोबत तिचा नवराच आलाय, तोंड फुगवून. होडीच्या तळातून त्यांचं बोलणं खाली झिरपतंय.

"झालं समाधान? नवऱ्याला घरी बसवलंस."

"भांड नंतर. आधी हे ऐक."

"अगं, हे काय? काटक्या कोण मोडतंय?"

"कोळंबी."

"रोज?"

"तुम्ही ठोकत नसाल तर."

त्याने हेडफोन परत दिलाच नाही.

तिचा फोन मात्र सारखा वाजतोय. "आटपलं का?" साहेब विचारतायत. कुठे काही आपटलं की मी दचकतो. माणसांनो, हात जोडता येत नाहीत मला, म्हणून नुसतं सांगतो: जरा थांबा. समुद्राने आत्ता कुठे तोंड उघडलंय.