भोंग्याशिवायची लाट

मित्रांनो, मी एक जुने लाटयंत्र आहे. नाव ऐकून डोळ्यांसमोर काही भव्य उभे राहिले असेल, तर ते आधी पुसून टाका. लांबलचक तलावाच्या भिंतीला धरून पाण्याखाली एक रूळ गेला आहे. रुळावर गाडा आहे आणि गाड्याला एक वक्र पोलादी पाते जोडले आहे. टोकाच्या खोलीतली मोटार तारेचा दोर गुंडाळू लागली की गाडा धावतो, पाते पाणी ढकलते, आणि ते पाणी उथळ होत जाणाऱ्या तळाला अडखळून वर चढते व कोसळते. झाली लाट. यात जादूटोणा काही नाही. तरी काठावर उभे राहून "आत मोठा पंखा आहे का हो?" असे विचारणारा रोज एक तरी भेटतोच.

माझा जन्म सुखासुखी झाला नाही. पात्याचा बाक कारखान्यात मनासारखा जमला, पण तलावाच्या तळाचा चढ फारच उभा बांधला गेला. पहिली लाट बादली उपडी केल्यासारखी धपकन पडली. अभियंते एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग तळ फोडून पुन्हा बांधला, आणि शेवटी एकदाची लाट कडेने उलगडत शेवटपर्यंत गेली. त्या दिवशी लोकांनी पाण्याला टाळ्या वाजवल्या. मला कोणी वाजवल्या नाहीत, पण मी त्या स्वतःच्याच समजून घेतल्या.

आमच्या गावापासून समुद्र फार लांब. इथल्या कित्येकांनी तो फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलेला. माझ्यामुळे हीच माणसे सर्फबोर्ड, म्हणजे लाटेवर उभे राहायची फळी, बगलेत मारून हिंडू लागली. समुद्रात मनाजोगत्या लाटेसाठी अख्खी सकाळ ताटकळावे लागते. इथे बटण दाबले की तीच लाट, तेवढीच उंच, त्याच जागी फुटणारी. एखादे वळण जमेपर्यंत तेच ते घोटता येते. जे शिकायला पूर्वी वर्षे जात, ते पोरे आता एका सुट्टीत शिकतात. आणि तरी त्यांची कुरकुर संपत नाही. आजची लाट कालच्यापेक्षा दोन बोटे बुटकी होती म्हणे! लाट आहे ती, कपाटाचा कप्पा नव्हे.

माझी अट एकच. एक लाट गेली की पाणी भिंतींवर आपटून मागे-पुढे हिंदकळत राहते. ते निवल्याशिवाय दुसरी सोडली, तर तिचा पार चुथडा होतो. म्हणून थांबावे लागते. पण थांबतील ती माणसे कसली! "सोडा की पुढची!" असा ओरडा सुरू होतो, आणि काचेच्या खोलीत बसलेले चालककाका दिवसभर एकच वाक्य म्हणत राहतात, "पाणी शांत होऊ दे." मग भोंगा वाजतो, रांगेतला पुढचा गडी भिंतीवरच्या लाल पट्टीसमोर येतो आणि त्याला त्याची लाट मिळते. एका लाटेवर एकच माणूस. घुसाघुशी नाही, भांडण नाही. या शिस्तीचा मला केवढा अभिमान होता!

याच रांगेत एक मुलगी वाढली. फळीवर टुणकन उडी मारून उभी राहायची, म्हणून सगळे तिला खार म्हणत. तिला घेऊन येणारी तिची मावशी बस चालवायची. कामाची पाळी संपली की गणवेशातच काठावर येऊन उभी राहायची. मावशीचे तरुणपण समुद्राच्या लाटांवर गेले होते, त्यामुळे माझ्याविषयी तिचे मत फारसे बरे नव्हते. खारीचे वळण मात्र इतके सफाईदार होते, की कुरकुर करणारेही गप्प होऊन बघत.

खारीला देशाच्या कुमार संघात जायचे होते. दुसरे काही तिच्या डोक्यातच नव्हते. पुढच्या वर्षी वय उलटणार होते, म्हणजे संधी याच वर्षी. निवड समुद्रावर होती, दोन फेऱ्यांत; दोहोंतली जी चांगली होईल ती धरायची. पहिल्या फेरीला ती गेली तेव्हा आम्ही सगळे निर्धास्त होतो. परत आली ती थेट कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसली. मावशी काकांच्या खिडकीशी आली.

"पोरगी रांगेत उभी राहिली, काका," ती म्हणाली. "समुद्रात."

काकांना आधी हसू आले, मग त्यांनी ते आवरले. झाले असे, की चार मुलींना एकदम पाण्यात सोडले होते. जमेल तिने लाट पकडायची. बाकीच्या तिघी तुटून पडल्या. आमची खार सभ्यपणे कडेला बसून आपल्या नंबरची वाट बघत राहिली. एक सुरेख लाट तर आपण होऊन तिच्याकडे आली होती. तीही तिने सोडली, कारण भोंगा वाजला नव्हता! वेळ संपली आणि ती कोरड्या केसांनी काठावर आली.

दोष कोणाला, तर मला. लाट हातात आणून द्यायची सवय लावली म्हणे मी! मग काय लाट तिच्या डोक्यात घालायची होती? माझा इतका संताप झाला, की मोटार असती चालू तर दोरच तुटला असता.

मावशी मात्र बोलून थांबली नाही. दुसऱ्या फेरीपर्यंत सकाळी फाटक उघडायच्या आधी तलाव द्या, भोंगा बंद ठेवा, रांग नको, आणि पाणी शांत व्हायची वाट बघू नका, असे तिने सांगितले. काकांनी कानाला हात लावले. अशा लाटा कोणी पाहिल्या तर तलावाचे नाव बद्दू होईल, असे व्यवस्थापकही म्हणाले. पण खारीचा पडलेला चेहरा त्यांनाही बघवत नव्हता. ते हो म्हणाले. मला कोणी विचारलेच नाही.

मित्रांनो, पहिल्याच सकाळी माझे जे हाल झाले ते काय सांगू! एक लाट परतते आहे तोवर दुसरी. दोघींची टक्कर होऊन तिसरीच कुठून तरी उठायची. पाण्यात खारीसोबत रांगेतली चार दांडगी मुले, सगळी एकदम. ती पडली, पुन्हा पडली, नाकातोंडात पाणी गेले. सारखी मान वळवून लाल पट्टी शोधायची. शेवटी रडकुंडीला येऊन तिने खोलीकडे हात केला.

"काका, ही लाट चुकीची आहे."

"समुद्रात कुणाकडे तक्रार करशील?" काठावरून मावशी म्हणाली.

मला मावशीचे म्हणणे अगदी पटले, आणि पटले म्हणून आणखीच राग आला. पण हळूहळू खारीची मान भिंतीकडे वळेनाशी झाली. ती पाण्याकडे बघू लागली. एके दिवशी तिने एका थोराड मुलाच्या नाकासमोरून लाट पळवली आणि मागे वळून "माफ कर हं" असेही म्हणाली नाही. मावशी काठावर पोट धरून हसली.

दुसऱ्या फेरीच्या दिवशी काकांनी फोन कानाला असा चिकटवला होता, की भोंगा वाजवायचेच विसरले. खारीने पहिलीच लाट कोणाला न विचारता घेतली. दोनदा सपशेल आपटली, पण बाकीच्या लाटांवर टिकली. संघात शेवटचे नाव तिचे होते. त्या क्षणी मला झालेला आनंद मी लपवणार नाही. पण तो फार टिकला नाही. कॅमेरेवाल्यांनी विचारले, शिकवले कोणी? बाईसाहेब म्हणाल्या, "मावशीनं आणि समुद्रानं." समुद्रानं! समुद्रात ती होती किती वेळ?

संघाबरोबर जाण्याआधी ती निरोप घ्यायला आली, तेव्हा सफाईसाठी तलाव रिकामा केलेला होता. ती शिडीने अनवाणी तळाशी उतरली. इतक्या वर्षांत तिने मला प्रथमच पाहिले.

"एवढंच आहे हे?" ती म्हणाली.

मी चिडायच्या तयारीत होते, पण ती जवळ आली. पात्याच्या सांध्यावरून तिने हात फिरवला. हाताला गंज लागला. ती तो बघत राहिली.

"काका, हे किती झिजलंय," ती वर बघून म्हणाली. "माझ्या सकाळच्या सरावानं झालं का?"

उत्तराची वाट न बघता तिने कोपऱ्यातला तारेचा ब्रश उचलला आणि प्रवासाच्या नव्या कपड्यांतच खाली बसून सांधे घासू लागली. वरून मावशीने उशीर होतोय म्हणून दोनदा हाक मारली. मग तीही बूट काढून खाली उतरली आणि दुसऱ्या बाजूने घासायला बसली.

मला टाळ्या नकोत, मित्रांनो. कॅमेऱ्यासमोर माझे नावही घेऊ नका. पण ज्यांच्या जोरावर तुम्ही पाण्यावर उभे राहता, त्यांना कधीतरी तळाशी उतरून बघा.