घारीच्या वाट्याला आलेला नेब्युलायझर

मित्रांनो, मी एक जुना नेब्युलायझर. पातळ औषधाचं धुकं करून ते छातीत पोचवायचं, हे माझं काम. कारखान्यात माझ्या पोटात मोटर बसली, तेव्हापासून मी घरघरतोय. पण नशीब थोर, म्हणून बिबवेवाडीत मेहरुनभाभींच्या घरी आलो.

भाभींचे यजमान मैनुद्दीनभाई फळं विकत. पुण्यात संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठल्या, तसा भाईंचा आंबा पेट्यापेट्यांनी तिकडे जाऊ लागला. भाईंना दमा होता. सकाळ-संध्याकाळ माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. घरात मला देव्हाऱ्यातल्यासारखी जागा होती म्हणा ना!

एका उन्हाळ्यात शेजारचा प्रज्ञेश संगणकाच्या खोक्यातून एक घार घेऊन आला. त्याच्या कंपनीच्या काचेवर आपटून तिचा पंख दुखावला होता.

"काकू, तुमच्याशिवाय हिला कोण आहे?" म्हणाला आणि कामावर पळालासुद्धा.

भाभींनी आंब्याच्या पेटीतला मऊ पेंढा खोक्यात अंथरला. माहेरी आलेल्या लेकीसारखी तिची बडदास्त ठेवली. पंख सावरला, पण घार चोच उघडी टाकून धापा टाकायला लागली. खाणंही सुटलं.

पाखरांच्या डॉक्टर सुनीती आल्या. त्यांनी आधी पेंढाच उचलून हुंगला.

"भाभी, याला ओल धरलीय. यातली बुरशी हिच्या फुप्फुसात उतरलेली दिसते."

"अहो, मऊ म्हणून घातला हो मी!" भाभी म्हणाल्या.

"औषधाची वाफ देऊन बघू. नाहीतर ही जगायची नाही. मशीन आहे कुणाकडे? पण पाखराला लावलेलं परत माणसाला लावायचं नाही, सांगून ठेवते."

भाभी माझ्याकडे बघेनात, भाईंकडेही बघेनात. भाईंनीच मला उचलून पुढे केलं.

"घ्या. माझ्या खिशात दम्याचा पंप आहे. घारीला खिसा कुठाय?"

मित्रांनो, चूक कळल्यावर रडत बसणारी माणसं पुष्कळ असतात. भाभींनी डोळे पुसले, पेंढा फेकला, प्लास्टिकचा क्रेट घासून उन्हात वाळवला. खाली वर्तमानपत्र घालायचं, ते रोज बदलायचं. क्रेटवर चादर टाकून मी आत धुकं सोडायचो. औषध पाजताना घार नखं रुतवायची. भाभींचे हात ओरबाडून निघाले, पण औषधाची एकही वेळ चुकली नाही. पलीकडे भाई खोकत. भाभी उठू लागल्या की म्हणत, "आधी तिचं होऊ दे."

कितीतरी आठवड्यांनी घारीची चोच मिटली. धाप थांबली, ती पुन्हा खाऊ लागली. मग एका सकाळी गच्चीवर क्रेट उघडला. भाई दर जिन्यावर थांबत थांबत वर आले होते. घार कठड्यावर बसली, अंग झाडलं आणि उडाली ती थेट वरच.

"मागं वळून बघितलंसुद्धा नाही मेलीनं!" भाभी म्हणाल्या.

"दम परत आला ना तिला? मग झालं," भाई म्हणाले.

तेव्हापासून मी पाखरांचाच आहे. आता नळी पिवळी पडलीय, आवाजही बसलाय. एवढंच सांगतो, जखमी पाखरू सापडलं तर लगेच जाणत्या डॉक्टरांना कळवा. आणि त्याला मऊ काय घालावं हे शोधण्याआधी कोरडं काय आहे ते बघा. मायेलाही ऊन दाखवावं लागतं.