बंबवाल्याचा राणी कलरचा कोट

मित्रांनो, मी एक जुना बंबवाला आहे. धावपळ करू नका, आग कुठेही लागलेली नाही. मी व्हिडिओ गेममधला बंबवाला आहे. माझं अख्खं शरीर बारीक बारीक चौकोनांचं बनलं आहे. मला घडवणाऱ्याने हात जरा आखडताच घेतला, त्यामुळे नाकासाठी चौकोनच उरला नाही. पिवळं हेल्मेट, लाल कोट आणि त्यावर दोन पिवळी बटणं, एवढा थाट मात्र त्याने केला.

कॅसेटमध्ये बसून मी चारकोपला राणे कुटुंबाच्या घरी आलो. आणलं होतं मुलासाठी, पण रिमोट लवकरच त्याच्या आईच्या, सुंदराबाईंच्या हातात गेला. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत त्या मला जळत्या इमारतीवर चढवायच्या आणि गच्चीवर अडकलेलं मांजर सोडवायच्या. “उडी मार, झिला!” असं पोराला सांगावं तसं मालवणीत ओरडायच्या. शेजारणी बघायला जमायच्या. तेव्हा माझा भाव काय वधारला होता म्हणून सांगू! पुढे यंत्र बिघडलं. कॅसेट माळ्यावर गेली आणि तिथून भंगारात. एकालाही हळहळ वाटली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

बऱ्याच वर्षांनी सुंदराबाईंची नात मानसी हिने तोच गेम शोधून कॉम्प्युटरवर घातला. सुंदराबाई आता आजी झाल्या होत्या. बोटं तशीच चपळ होती, पण डोळे अधू झाले होते. लाल आगीपुढे माझा लाल कोट त्यांना दिसेना. शेवटच्या इमारतीत मी हमखास जळायचो आणि मांजर वर तसंच ओरडत राहायचं.

“तो मेलो परत जळलो! माका तो दिसतच नाय गो,” आजी एकदा वैतागून म्हणाल्या. “बंद कर. आता माझ्यान नाय होवचा.”

आजी खेळल्या नाहीत, तर या घरात मला विचारणारं दुसरं होतंच कोण?

“थांब ना आजी, त्याचा कोटच बदलते,” मानसी म्हणाली. “कुठला कलर देऊ?”

“राणी कलर दी. माझ्या लग्नाच्या शालूसारखो.”

मानसीने चित्रं सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये मला इतकं मोठं केलं की माझा एकेक चौकोन फरशीएवढा झाला. माझ्या चित्रामागे सगळीकडे राणी कलरच भरलेला होता. आयताच मिळाला म्हणून तिने तोच उचलून माझ्या कोटात ओतला. बटणं मधे आली, तीही बुजवली.

खेळ सुरू झाला आणि पाहतो तर काय, मला पोटच नाही! वर हेल्मेट, खाली बूट, मधे कोटाची काळी कड आणि तिच्या आत मागची आग भडकलेली.

“अगो, ह्येचो कोट खंय गेलो?” आजी किंचाळल्या. मानसीचा भाऊ सुशांत हसून हसून लादीवर लोळला.

मित्रांनो, आमच्या गेमची एक रीत आहे. चित्रामागे भरलेला रंग पडद्यावर दाखवायचाच नाही. तो जिथे असेल तिथे आरपार दिसतं. मानसीच्या हे तेव्हा लक्षात आलं आणि तिने कपाळावर हात मारला.

“जुनी कॉपी ठेवलीयस ना?” सुशांतने विचारलं.

“नाही यार. त्याच्यावरच सेव्ह केलं.”

“वाट लागली!”

मानसीने नवा रंग बनवला. “ह्यो राणी नाय, ह्यो डाळिंबी,” आजी म्हणाल्या. दुसरा बनवला. “ह्यो वांगी.” ज्यांना आगीत अख्खा बंबवाला दिसत नव्हता, त्यांना साडीचा रंग मात्र बिनचूक कळत होता! शेवटी आधीच्या राणीहून किंचित फिका रंग जमला. गेमला तो वेगळा वाटला आणि आजींना तोच वाटला. बटणांची जागा मात्र कोणालाच आठवेना. त्यातलं एक आता माझ्या काखेत आहे.

पुन्हा शेवटची इमारत आली. मी चढत होतो आणि भीतीने माझे चौकोन थरथरत होते. “उडी मार, झिला!” आजी ओरडल्या. किती वर्षांनी ऐकलं ते! मी उडी मारली. मांजर माझ्या हातात आलं.

“दिसलो गो माका,” आजी म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना खुशाल रंगवा, पण आधी आमची एक कॉपी काढून ठेवा. काखेत बटण घेऊन जगणं सोपं नाही. राणी कलर मला शोभत नाही, हे मलाही कळतं. सुशांत रोज हसतो. हसू दे बापडा. आजींना मी दिसतो.