हात पोचेल अशी सीट

एब्बे राव्हनकिल्ड लांब पल्ल्याच्या विमानांच्या बिझनेस क्लासबद्दल लिहून पोट भरायचा. कुठली उशी बरी, कुठलं जेवण गरम येतं, झोप कुठे लागते, यासाठी कोपनहेगनमधले लोक त्याच्या शब्दावर विसंबायचे. आउरेलिया आणि व्हेस्टरलँड या दोन कंपन्यांचं तर हाडवैर, आणि दोघींच्या केबिनमध्ये तो इतक्यांदा झोपला होता की त्याची बायको मेरेटे म्हणायची, "घरी तू पाहुणा म्हणून येतोस."

आता मेरेटेचे स्नायू एकेक करून काम सोडत होते. पाय गेले, हात गेले, आवाज पुटपुटण्याइतका उरला. कूस बदलायलाही तिला एब्बे लागायचा. त्यातच ओसाकाहून त्यांच्या मुलीचा, सिग्नेचा फोन आला. बाळ दिवस भरण्याआधीच झालं होतं, काचेच्या पेटीत होतं. त्याला सोडून येणं तिला शक्य नव्हतं.

"मला घेऊन चल," मेरेटे म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, जायचंच तर आत्ता जा. पुढे श्वास साथ देईल असं नाही.

ओसाकाला जाणाऱ्या त्या दोन्ही कंपन्यांच्या सीट आधी तपासून पाहायला एब्बेनं ओळखी वापरल्या. आउरेलियाच्या बिर्टेनं दोघांना हँगरमध्ये उभ्या असलेल्या विमानात नेलं. कोरी करकरीत केबिन. प्रत्येक प्रवाशाला जणू स्वतंत्र खोली, उंच भिंत, सरकतं दार. एब्बेनं मेरेटेला उचलून निजवलं. सीट पलंगासारखी सपाट झाली.

"कशी वाटते?" बिर्टेनं कौतुकानं विचारलं.

"शवपेटी ऐसपैस आहे," मेरेटे म्हणाली. ते फक्त एब्बेला ऐकू गेलं, कारण त्याचा कान तिच्या तोंडाशी होता.

तो शेजारच्या सीटवर जाऊन पडला. मधली भिंत खाली सरकली, तरी रुंद फळी उरलीच. त्यानं हात लांबवला. बोटं हवेतच राहिली.

"मेरेटे, हाक मार मला." काही नाही. "मार ना!"

तो धडपडत उठून आला, तर तिचे डोळे भरलेले. "मारतेच आहे केव्हाची."

"आमच्या एअर होस्टेस असतात ना," बिर्टे म्हणाली. "बटण दाबलं की लगेच..."

"बटण कशानं दाबेल ती?" एब्बे खेकसला.

मग दोघांनी व्हेस्टरलँडच्या विमानातही पडून पाहिलं. तिथली केबिन जुनी. सीट जोडीजोडीनं, खांद्याला खांदा लागेल अशा. हात सहज पोचत होता. पण सीट पूर्ण आडवी होत नव्हती, पायांकडे उतार राहायचा. धडधाकट माणूस झोपेतही स्वतःला वर ओढून घेतो. मेरेटे घसरत गेली, हनुवटी छातीत रुतली, श्वास घरघरला. एब्बेनं तिला वर ओढलं. ती परत घसरली. पट्टा आवळला, उशा रचल्या, कशाचा उपयोग झाला नाही.

घरी स्वयंपाकघरात त्यानं डोकं धरलं. "एकीत तू गुदमरलीस तर मला कळणार नाही. दुसरीत माझ्या डोळ्यांदेखत गुदमरशील. काय निवडू मी?"

"डोळ्यांदेखत."

"चेष्टा सुचते तुला?"

"चेष्टा नाही. घसरले तर उचल. आणि येतानाचं तिकीट काढू नकोस."

तो तिच्याशी भांडला, रडला. शेवटी तिनं सांगितलं तशीच तिकिटं काढली.

दुपारी विमान उडालं. जेवणं झाली, खिडक्या मिटल्या, आसपासचे लोक घोरू लागले. एब्बे तिच्या काखेत हात घालून तिला वर ओढत राहिला. पुढच्या गृहस्थानं वैतागून मागे पाहिलं, आणि मेरेटेचा चेहरा बघून तो निमूट वळला. हात भरून आले तरी एब्बे थांबला नाही. कधीतरी मात्र त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा मेरेटेचे ओठ निळे पडले होते. तो ओरडला. दोन्ही हातांनी तिला खेचून त्यानं डोकं मागे टेकवलं. "श्वास घे! मेरेटे, घे ना गं!"

एअर होस्टेस धावत आली. मेरेटेच्या घशात खरखरलं, आणि हवा आत गेली.

"डोळा लागला माझा," तो हुंदके देत म्हणाला.

"घोरत होतास," ती पुटपुटली. "म्हणून भीती वाटली नाही."

मग तो तिच्या पायाशी गुडघे टेकून बसला आणि तिच्या पावलांचे तळवे त्यानं स्वतःच्या छातीशी घट्ट धरले, तिनं घसरू नये म्हणून. "असं बसता येत नाही हो," एअर होस्टेस म्हणाली. तो हलला नाही. ती गेली आणि त्याच्या गुडघ्यांखाली घालायला पांघरूण घेऊन आली.

ओसाकाच्या हॉस्पिटलात सिग्नेनं आईची चाकाची खुर्ची काचेच्या पेटीला भिडवली. पेटीला हात आत घालण्यापुरती गोल खिडकी होती. एब्बेनं मेरेटेचा हात उचलायला घेतला, पण त्याचेच हात आखडले होते. वर जाईनात.

"बाबा, राहू दे. मी करते," सिग्ने म्हणाली. तिनं आईचं मनगट धरून बोटं आत नेली आणि बाळाच्या तळहातावर ठेवली.

"पकडलं गं यानं," मेरेटे म्हणाली.

ती पुढे थोडेच दिवस होती. बोलणं थांबलं तरी सिग्ने रोज तिचा हात त्या खिडकीतून आत नेत राहिली.