सनीनं आणलेला लॅपटॉप

मेथीच्या जुड्या बांधता बांधताच वाद पेटला.

"पोरगी म्हणती मोठा पाह्यजे, तुमी म्हणता छोटा चालंल. आणायचा तरी कोणता?" सुलाबाईनं नवऱ्याला विचारलं.

जयराम म्हणाला, "मेथी बाजारात जाऊ दे. तिच्यात बसंल तो आणू."

"बाबा, छोट्यावर बिल्डिंगचे नकाशे उघडत नाय," सृष्टी खालमानेनं म्हणाली. सोमवारी तिचं कॉलेज सुरू होणार होतं. सिव्हिल इंजिनिअरिंगला नंबर लागलेली एकलहऱ्याच्या त्या वस्तीतली ती पहिलीच पोरगी.

तिचा थोरला भाऊ सनी शेजारीच जुड्या बांधत होता. हातातली जुडी खाली टाकून तो उठला. "नकाशे उघडणारा मी आणतो. तुमी कोणी बोलू नका." आणि मोटरसायकलला किक मारून गेलाही.

दिवस कलताना तो परत आला, तो पायी. गुडघ्यापर्यंत चिखल, काखेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"गाडी कुठंय?" जयरामनं विचारलं.

"दिली. नाशिकरोडच्या राकेशला. गाडी त्याला, हा आपल्याला."

जयराम बांधावर बसला. वीज केंद्रावर राखेचे ट्रक भरून भरून सनीनं ती गाडी घेतली होती. रोजचा भाजीपाला तिच्यावरच बाजारात जायचा.

सृष्टीनं ओढणीला हात पुसले. मोबाइलवर ती महिनाभर बघत होती, तसलाच लॅपटॉप होता. तिनं बटण दाबलं. पडद्यावर तिच्याच वयाची एक पोरगी आईबापाच्या मधी उभी राहून हसत होती. खाली नाव, तेजल. त्याखाली पासवर्ड मागत होता.

"ते उद्या एक जण काढून देतो म्हणलाय," सनी घाईनं म्हणाला.

तिनं लॅपटॉप उलटा केला. अर्धवट खरवडलेल्या कागदी पट्टीवर वसतिगृहाचं नाव अजून वाचता येत होतं. तिच्याच कॉलेजच्या शेजारचं वसतिगृह.

"दादा, चोरीचा हाय हा."

"मी चोरला का? मी गाडी दिली त्याच्या बदल्यात."

"पण हाय तर तिचाच ना?"

"मग काय करू राह्यली तू? परत देती? तू द्यायला जाशील अन् बेड्या मला पडतील. आपल्या वस्तीतल्यांना पोलीस आधी बसवून ठेवत्यात, मग विचारत्यात. बाबाला विचार."

जयरामनं नुसती मान हलवली; त्याला एकदा असंच बसवून ठेवलं होतं.

सृष्टीनं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. उलटून बघितलाच नसता तर? उद्या पासवर्ड निघाला असता, फोटो पुसला गेला असता, सोमवारी आपण तो मिरवत नेला असता. हे मनात आलं याचीच तिला लाज वाटली, आणि तरी हात झाकणावरून निघेना.

सकाळी तिनं तो पिशवीत घातला. सनी भिंतीकडं तोंड करून पडून होता. सुलाबाईनं चपला घातल्या. "एकटी नको जाऊ. मी येते."

वसतिगृहाच्या ऑफिसात तेजलला बोलावलं. तिनं लॅपटॉपवरून हात फिरवला आणि मग सृष्टीकडं बघितलं. "तुझ्याकडे कसा आला?"

रेक्टरबाईंनी फोन हातात घेतला होता. "कुठून आणलास ते सांग मुली. नाहीतर पोलीस विचारतील."

परत द्यायचा एवढंच सृष्टीनं ठरवलं होतं. नाव सांगायचं तर दादाचं, नाही सांगायचं तर आपणच चोर. सुलाबाईनं तिचा दंड घट्ट धरला.

"तिला नका विचारू."

दारात सनी उभा होता, तसाच कालच्या चिखलाच्या कपड्यात. "तिनं नाय आणला. मी घेतला, माझी गाडी देऊन. ज्याच्याकडून घेतला त्याचं घर दाखवतो."

दिवसभर तो पोलीस चौकीत बाकड्यावर बसून राहिला. बाहेर पायरीवर मायलेकी, त्यांच्या शेजारी तेजल, सृष्टीचं सगळं ऐकून घेत. आतून आवाज चढला की सुलाबाई उठायची, परत बसायची. दुपार टळल्यावर राकेश सापडला, सनीच्या गाडीसकट. मग जबाब लिहून घेऊन सनीला सोडलं.

"गाडी नेऊ का साहेब?" त्यानं विचारलं.

"ती मुद्देमालात गेली. लॅपटॉप पण. कोर्टातून सुटलं की मिळेल."

म्हणजे गाडी गेली ती गेलीच, आणि जिचा लॅपटॉप तीही रिकाम्या हातानं निघाली. जाताना तेजल सृष्टीपाशी थांबली. "सिव्हिलला आहेस ना? लहान घेतलास तरी चालेल. सकाळी लवकर आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये ये, मोठी मशिनं रिकामी असतात. नकाशे तिथं उघडतात. मी पण आता तिथंच असणार."

शेजारच्या गेणूच्या पिकअपमधून मेथी बाजारात गेली. रविवारी चौघं दुकानात गेले. सृष्टीनं एक लहानसा लॅपटॉप उघडून बघितला, चालवून बघितला आणि म्हणाली, "हाच."

दुकानदार सनीकडं वळला. "अजून एक-दोन कंपन्या दाखवू का?"

"नको. बिल पक्कं द्या."

"कोणाच्या नावानं?"

"सृष्टी जयराम पगारे," सनी म्हणाला. "नाव नीट लिहा. कोणी विचारलं तर तिला दाखवता आलं पाह्यजे."