चौकटीतला चौथा

"थिएप, बाहेर हो बघू," हाल्वोर बांधावरून म्हणाला.

"होतो की. आधी ह्यांतल्या एकाला घरी पाठवा, साहेब." थिएप तीन शिपायांच्या कडेला दात काढून उभाच.

फोटोत तिघं असले की मधला आधी जातो, हे मेकाँगच्या काठी शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे हाल्वोरने तिघांवर कॅमेरा रोखला की त्याचा ड्रायव्हर थिएप जीप सोडून पळत येई आणि चौथा होई. नॉर्वेहून आलेला हाल्वोर आधी चिडला, मग हसला, मग त्याला सवय झाली. एकदा त्याचे फोटो छापणाऱ्या वृत्तसंस्थेची, एजन्सीची, तार आली : हा चौकड्यांच्या शर्टातला माणूस प्रत्येक लढाईला हजर कसा? हाल्वोरने कळवलं, त्याचं नशीब. एजन्सीने पुन्हा विचारलं नाही.

एके दिवशी सकाळी पुलाजवळ दोन्हीकडून गोळ्या सुटत असताना मधूनच एक म्हैस निघाली. निवांत, रवंथ करत. दोन्ही सैन्यं थांबली. म्हैस पार झाली, मग लढाई पुढे सुरू. छातीभर चिखलात उभ्या हाल्वोरने ते सगळं टिपलं. असा फोटो माणसाला जन्मात एकदा मिळतो, आणि तोही मिळालाच तर.

त्या आनंदात तो चौकीवर आला. थिएप जीपखाली चाकाशी झटत होता. तिघं शिपाई शेवयांचं सूप ओरपत बसले होते. हाल्वोरने सवयीने बटण दाबलं.

मधल्या न्हानने वाडगा खाली ठेवला. इकडेतिकडे पाहिलं. चौकड्यांचा शर्ट कुठेच नव्हता. संध्याकाळी त्याला गस्तीवर जायचं होतं.

हाल्वोरने समजूत घातली. फोटोने कोणी मरत नाही, मरतात ते गोळीने, वगैरे. न्हानने सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं काय जातंय, साहेब. मधे मी आहे."

थिएप जीपखालून बाहेर आला. काय झालं ते त्याला विचारावं लागलं नाही.

"रोल काढा, साहेब."

"ह्यात म्हैस आहे, थिएप."

"म्हशीला काही होणार नाही."

हाल्वोरने कॅमेऱ्याकडे पाहिलं. न्हानच्या सुपावर माश्या बसल्या. मग हाल्वोरने कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं आणि अख्खा रोल उन्हात ओढून काढला. त्याची भेंडोळी न्हानच्या हातात दिली, नवा रोल भरला, कॅमेरा वाळूच्या पोत्यावर ठेवला, आपोआप फोटो निघेल अशी कळ दाबली आणि चौथा व्हायला तिघांकडे धावला. सांडलेल्या सुपावरून घसरला. फोटो निघाला तेव्हा तो चौकटीत अर्धाच पोचला होता.

न्हान गस्तीवरून सुखरूप परतला. एजन्सीला हाल्वोरने कळवलं, आज विशेष काही घडलं नाही.

पुढे एकदा थिएप तापाने फणफणला होता, म्हणून हाल्वोर एकटाच मोटरसायकलवर गेला आणि लष्कराच्या ट्रकमधून ताडपत्रीखाली परत आला.

सायगॉनमधली त्याची घरमालकीण ल्यूमावशी. तिने मेलेल्या नवऱ्याच्या फोटोशेजारी, पितरांच्या चौरंगावर, त्याची जागा केली. पण फोटो? ट्रंकेत सगळं युद्ध होतं, हाल्वोर नव्हता. शेवटी चौकीवरचा तो एक सापडला. मावशीने कात्री घेतली.

"थांबा, मावशी," थिएप म्हणाला. "साहेबांना कापलंत की मागे तिघंच उरतात."

"अरे, मग जित्याजागत्या पोरांना चौरंगावर बसवू?"

मावशीने कात्री खाली ठेवली. मग फोटो अख्खाच ठेवला आणि तिघांच्या पुढ्यात फुलदाणी सरकवली.

नव्या वर्षाला न्हान रजेवर मावशीकडे आला. उदबत्ती लावली, आंबे मांडले, शिळी फुलं काढून पिवळी शेवंती भरली. फुलदाणी जरा हलली आणि मागून त्याचाच चेहरा डोकावला. त्याने ती हलकेच जागेवर सरकवली. फुलांच्या कडेने आता एकटा हाल्वोरच दिसत होता, पुसट, अर्ध्या चेहऱ्याचा, हात पुढे करून धावत येणारा.