समुद्रफुलाला मूठभर मीठ

मी एक म्हातारं समुद्रफूल आहे आणि मित्रांनो, आधीच बजावून ठेवतो, मी फूल नाही. मी जनावर आहे. मला तोंड आहे, पोट आहे आणि तुम्ही ज्यांना पाकळ्या म्हणता ती माझी बोटं आहेत. दौंडच्या माणसांना हे कळेपर्यंत माझा जीव जायची वेळ आली.

माझा जन्म रत्नागिरीच्या खडकातला. १९७४ साली शाळेच्या सहलीत ललिताबाई नावाच्या विज्ञानाच्या शिक्षिकेने मला दगडासकट उचललं आणि डब्यातून दौंडला आणलं. त्यांचे यजमान चांगदेव रेल्वेत फिटर. त्यांनी काचेची पेटी बनवली, मुंबईहून समुद्राचं पाणी कॅन भरभरून आणलं, बुडबुडे सोडणारा पंप बसवला. इथवर तक्रार नाही.

मग बघे आले. कुणी पोळीचा तुकडा टाकला, कुणी चुरमुरे. एकाने तर माझ्या तोंडातच बोट घातलं! अहो, भिजवलेल्या सुकटीचा एक कण मला आठवडाभर पुरतो. उरलेलं सगळं कुजायचं आणि त्या घाणीत मी बसायचो.

त्यात उन्हाळा आला. पेटीतलं पाणी रोज दोन बोटं खाली जायचं. ललिताबाई म्हणायच्या, "समुद्राचा जीव आहे, मीठ कमी पडायला नको." असं म्हणून त्या मिठाचं पाणी कालवून ओतायच्या. मी आक्रसलो. त्यांनी आणखी मीठ घातलं. मी मिटून गोळा झालो. त्यांनी आणखी मूठभर घातलं! ओरडून सांगावं, तर मला घसा नाही.

एका दुपारी, ज्या पायाने मी दगडाला चिकटून असतो, तो पायच सुटला. मी तळाशी आडवा पडलो.

"मेलं वाटतं," चांगदेव म्हणाले. "टाकून देऊ का?"

ललिताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढी काळजी घेतली हो मी."

त्यांच्या सासूबाई, सोजरबाई, तांदूळ निवडत होत्या. त्या उठल्या, पेटीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि थू थू करत म्हणाल्या, "आगं बया! आमटी आटल्यावानी झालंय हे. आमटी आटली तर तू मीठ टाकतीस का पानी?"

"पाणी, आत्या."

"मंग? उन्हानं पानी उडून जातं. मीठ कुठं जातंय? ते तिथंच ऱ्हातं."

हाच धडा ललिताबाई सातवीला दरवर्षी शिकवत होत्या.

"एकदम नको ओतायला, आत्या. त्याला झेपणार नाही," त्या सावरून म्हणाल्या. मग दोघी मिळून रोज थोडं खारट पाणी काढायच्या आणि तेवढंच माठातलं गोडं पाणी हळूहळू सोडायच्या. कुजलेलं उपसलं, बघ्यांना दारातूनच हाकललं. नवव्या दिवशी मी दगड पुन्हा धरला आणि एकेक बोट उघडलं.

"उघडलं गं!" सोजरबाई केवढ्याने ओरडल्या! शाळेची पायरी न चढलेली ती बाई दिवसभर मला बघत बसली.

मित्रांनो, माझ्यासारखा जीव घरी आणलात, तर माया करण्याआधी पाणी चाखा. आणि तो मिटला, तर तो रुसलाय असं समजू नका. चूक तुमची आहे. शोधा.